सहलीचा हिशेब माझ्याकडे असतो

आमच्या सहलींचे पैसे माझ्याकडे असतात. सहा जणींची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं पाचशे टाकायचे आणि ते कुणा एकीच्या नावानं न फोडता गाडीभाडं, राहणं, जेवण यावर सगळ्यांनी मिळून खर्चायचे. बेळगावच्या शहापुरातल्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं कॅशियर होते, म्हणून डबा आणि वही माझ्याकडे आली. मध्ये कॅन्सर आला, गेला आणि पुन्हा आला, तरी ती माझ्याकडेच राहिली. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आजाराचं आधी सांगून टाकते. 2019 मध्ये डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग रोजची एक हार्मोनची गोळी. 2023 च्या पावसाळ्यात कंबर दुखायला लागली. तांदूळ निवडायला खाली बसले की आधाराशिवाय उठवेना. स्कॅनमध्ये मणका आणि खुब्याच्या हाडात तोच कॅन्सर दिसला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आता हा पूर्ण जाणार नाही, पण औषधांनी दाबून ठेवता येतो, किती दिवस ते ज्याच्या त्याच्या शरीरावर, असं त्यांनी समोर बसवून सांगितलं. कमरेला रेडिएशन झालं, दुखणं उतरलं. आता रोज लेट्रोझोल, हाडांसाठी ठरावीक दिवसांनी सलाईनमधून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, आणि कॅन्सरची वाढ रोखणारी पाल्बोसिक्लिब. ही शेवटची गोळी 21 दिवस घ्यायची आणि 7 दिवस बंद ठेवायची. तिचं भारतातलं पेटंट 2023 च्या जानेवारीत संपलं, इथल्या कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत खूपच खाली आली. माझं दुखणं आदल्या वर्षी परत आलं असतं तर आमच्या घराला ते औषध पेललं नसतं. ज्यांना अजून जुनीच किंमत सांगितली जाते, त्यांनी कंपन्यांची नावं विचारून चौकशी करावी.

आजारी माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं, ही आपल्याकडची मायेची रीत. थोरल्या जाऊबाईंनी स्वयंपाकघर घेतलं. मुलानं पुण्यात बसून लाइटबिल, गॅस, विम्याचे हप्ते आपल्या फोनवर वळवले. आमचे हे उद्यमबागेतल्या फौंड्रीतून रिटायर झालेले, त्यांनी बाजारहाट घेतला. प्रत्येकानं प्रेमानंच केलं. पण दुपारी तीनच्या सुमारास मी खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असायची आणि माझ्यावाचून अडेल असं घरात काही उरलं नव्हतं. भेटायला येणारे म्हणायचे, "आता आराम करायचा. जमेल तशी देवदर्शनं उरकून घ्या." त्या बोलण्यात निरोपाची घाई असायची आणि ती मला सोसत नव्हती.

अशाच एका दिवशी मी डबा आणि वही पिशवीत घालून येळ्ळूरकरणीकडे गेले. आम्ही सहा जणी एकमेकींना माहेरच्या गावावरून हाका मारतो. येळ्ळूरकरीण, नंदगडकरीण, उचगावकरीण, निपाणीकरीण, गोकाकची अक्का, आणि मी कडोलीकरीण. तिला म्हटलं, "हे तू सांभाळ आता."

ती कणीक मळत होती. वर बघितलंसुद्धा नाही. "मला पालेभाजीचे सुटे पैसे मोजताना घाम फुटतो. आणि तुझी कंबर दुखतेय गे, डोकं न्हवं. ठेव तो डबा पिशवीत आणि चहा टाक."

तिच्या घरी मी चहा टाकला. कित्येक दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी करायला सांगितलं होतं.

दुखणं परत आल्यानंतरची पहिली सहल कुठं, हे नंदगडकरणीनं सुचवलं. खानापूर तालुक्यातली, त्यामुळे मलप्रभा तिची घरची नदी. ती म्हणाली, कणकुंबीला उगम पावते तिथून कूडलसंगमला कृष्णेला मिळते तिथपर्यंत जाऊया. एकदम नको, तुकड्या-तुकड्यांनी. तीनशे किलोमीटरच्या आसपास नदी, आणि बराचसा काठ आपल्याच जिल्ह्यातला. सगळ्यांना पटलं. मला जास्तच पटलं, कारण दर तुकड्याचा वेगळा अंदाजखर्च काढावा लागणार होता.

तारीख ठरवणं हे माझंच काम, आणि त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. लोकांना वाटतं, गोळ्यांना सुट्टी असते त्या आठवड्यात फिरायला जावं. पण या औषधानं पांढऱ्या पेशी, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, खाली जातात, आणि सर्वांत कमी त्या 21 दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट संपत येताना असतात. सुट्टीच्या आठवड्यात त्या भरून येत असतात. म्हणून मी सुट्टी संपताना रक्त तपासते. न्यूट्रोफिल हजाराच्या वर असतील तरच डॉक्टर पुढचं पाकीट सुरू करू देतात. तो रिपोर्ट चांगला आला की पुढचे सात-आठ दिवस माझे. सहल त्यातच बसवायची. जणी आता मला "कधी जाऊया" असं विचारत नाहीत, "रक्त कधी आहे" असं विचारतात.

बाकीचे नियमही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत, म्हणजे दर वेळी बोलायला नको. गाडीत मी मधल्या सीटवर. मागच्या सीटवर प्रत्येक गतिरोधकाचा दणका थेट मणक्याला बसतो. जड पिशवी उचलायची नाही. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, म्हणून त्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा नाही, सुई नाही, लांबच्या प्रवासात सूज येऊ नये म्हणून हाताला घट्ट बसणारा दाबमोजा घालायचा. कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, बर्फ, उघड्यावरची चटणी बंद. कढईतून डोळ्यांदेखत काढलेली मिरची भजी चालतात, उकळता चहा चालतो. पपनस मात्र मुळीच नाही, कारण त्याच्या जातीची फळं या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. हे कळल्यावर नंदगडकरीण खरोखर हळहळली. तिच्या माहेरच्या परसात पपनसाचं झाड आहे आणि दर वर्षी माझा वाटा ठरलेला असायचा. पिशवीत थर्मामीटर कायम. 100.4 च्या वर ताप गेला तर वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल घेऊन तो दाबायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

कणकुंबीला थंडीत गेलो. जांबोटीच्या पुढं चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की जंगल दाट होतं आणि अंगावर स्वेटर असूनही खिडकी बंद करावीशी वाटत नाही. ड्रायव्हरला आधीच सांगितलं होतं, वळणं सावकाश घे. माउलीच्या देवळात दर्शन झालं, उगमाचं पाणी बघितलं. नदी इथं इतकी छोटी की उचगावकरीण म्हणाली, आमच्या शेताच्या पाटाला यापेक्षा जास्त पाणी असतं. परत येताना हब्बनहट्टीचा मारुती केला. पावसाळ्यात तो मलप्रभेच्या पाण्याखाली जातो, थंडीत काठानं चालत जाता येतं. तिथल्या दगडांवर बसून डबे सोडले. भाकरी, शेंगाचटणी, दही, अक्काच्या हातची भरली वांगी.

जेवणानंतर भांडण झालं. निपाणीकरणीनं देवळात ओटीसाठी घेतलेले पैसे भिशीतून मागितले. मी म्हटलं, देवाचं ज्याचं त्यानं करायचं, तो सामाईक खर्च नाही. ती म्हणाली, एवढ्याशा रकमेवरून काय गे धरून बसतेस. मी धरून बसले. आवाज चढले. अक्का कन्नडमध्ये दोघींना ओरडली. जांबोटीला चहा होईपर्यंत निपाणीकरीण माझ्याशी बोलली नाही. दुखणं परत आल्यापासून माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं. सगळे माझ्यापुढं पडतं घेत होते. त्या रात्री घरी येऊन मी वहीत खर्च उतरवला आणि झोपेची गोळी न घेता झोपले.

खानापूरजवळच्या आसोग्याला गेलो ते बसनं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसमध्ये इथल्या बायकांना प्रवास फुकट, आधार दाखवायचं आणि शून्य रकमेचं तिकीट घ्यायचं. डब्यातला पैसा वाचला म्हणून मी खूश, आणि चालकाच्या मागची जागा मिळाली म्हणून कंबर खूश. एम. के. हुबळीला हायवेवरच उतरून नदीतलं गंगांबिकेचं, म्हणजे बसवण्णांच्या पत्नीचं, ऐक्यस्थळ (समाधीची जागा) बघितलं आणि अर्ध्या दिवसात परतलो.

सौंदत्तीचा टप्पा मैत्रिणींसोबत नाही केला, तो घरच्यांसोबत केला. सासूबाई बेळगावच्या जुन्या वळणाच्या, वय ऐंशीच्या पुढं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी यल्लम्माला नवस बोलला होता, आणि माझ्या कंबरेमुळे तो लांबत गेला होता. मुलगा, सून, नात पुण्याहून आले. मुलगा म्हणाला, आई, तू फक्त गाडीत बस, मी सगळं बघतो. मी त्याला वही दाखवली. तिथपर्यंतच्या सगळ्या तुकड्यांचे हिशेब, रक्ताच्या तारखा, कुठं स्वच्छ संडास आहे, कुठल्या हॉटेलात जेवण ताजं मिळतं. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "बरं, गाडी किती वाजता काढू ते सांग."

पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार मी टाळले. जत्रेच्या गर्दीत तोंडाला मास्क लावूनही माझ्यासारखीनं जाऊ नये. साध्या बुधवारी गेलो तर जोगुळभावीच्या कुंडापाशी मोजकीच माणसं. सासूबाईंनी नवस फेडला, "उधो" म्हणत भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि नंतर नातीच्या. नात पाच वर्षांची. तिला माझा हातातला दाबमोजा फार आवडतो, तो आजीचा क्रिकेटचा हातमोजा आहे असं ती सगळ्यांना सांगते. देवीनंतर नविलुतीर्थाच्या धरणाकडे गेलो. कणकुंबीला ओंजळीएवढी बघितलेली नदी तिथं नजरेत मावत नाही. सासूबाई म्हणाल्या, "हेच पाणी का गे ते?" मी म्हटलं, हेच. त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि म्हणाल्या, "मग पुढच्या वेळचं माझं पण लिहून घे तुझ्या वहीत." त्यांच्या नावाचं पान मी त्याच संध्याकाळी उघडलं.

बदामी-पट्टदकल हा एकमेव मुक्कामाचा तुकडा. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, जाऊन-येऊन एका दिवसात मला झेपलं नसतं. निघण्याआधी बागलकोटमध्ये तापाच्या पेशंटला रात्री घेणारं हॉस्पिटल कुठलं, तिथपर्यंत किती वेळ लागतो, हे अक्कानं तिच्या भावाकडून काढून ठेवलं. माझ्या डॉक्टरांकडून आजाराची आणि औषधांची माहिती एका पानावर लिहून घेतली होती.

बदामीला लेण्यांच्या पायऱ्या मी चढले नाही. बाकीच्या चढल्या, मी आणि उचगावकरीण अगस्त्य तलावाच्या कडेनं भूतनाथाच्या देवळापर्यंत सपाट वाटेनं गेलो. तिचे गुडघे गेलेत. दोघी बसून बोललो. तिचा नवरा करोनात गेला, त्याबद्दल ती कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलली. मी आजारी असल्यामुळे माझ्यापुढं आपलं दुःख काढायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं म्हणे. मी तिला म्हटलं, असं परत करायचं नाहीस. माझ्या दुखण्यानं तुझ्या दुखण्याचा वाटा खाल्ला तर मी कसली मैत्रीण?

त्या रात्री मला कणकण वाटली. थर्मामीटरनं 99.8 दाखवलं. डॉक्टरांना फोन लावला. दर तासाला बघा, 100.4 झालं तर निघा, असं ते म्हणाले. ड्रायव्हरला उठवून गाडी दारात लावायला सांगितली. पाच जणी माझ्या खोलीत आल्या. कुणी रडलं नाही, कुणी देवाचं नाव घेतलं नाही. येळ्ळूरकरणीनं घड्याळ लावलं आणि दर तासाचा आकडा माझ्याच वहीत, माझ्याच हातानं लिहायला लावला. मधल्या वेळात त्यांनी गोकाकचं करदंट (डिंक-सुकामेव्याची वडी) चांगलं की अमीनगडचं यावर वाद घातला. अक्का गोकाकच्या बाजूनं एकटी लढली. पहाटेपर्यंत ताप 98.6 वर आला. सकाळी परत फोन केला, डॉक्टरांनी पुढं जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, फक्त दुपारच्या आत घराकडे निघा म्हणाले.

पट्टदकल माझ्यासारख्यांसाठी उत्तम जागा आहे. सगळी देवळं एका आवारात, जमीन सपाट, बसायला हिरवळ. 1987 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलेलं ठिकाण. विरूपाक्षाचं देऊळ राणी लोकमहादेवीनं बांधवलं, चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याच्या कांचीवरच्या विजयासाठी. शेजारचं मल्लिकार्जुनाचं तिच्या धाकट्या बहिणीनं, त्रैलोक्यमहादेवीनं. सख्ख्या बहिणी, एकाच राजाच्या राण्या, दोघींची देवळं हाकेच्या अंतरावर. नंदगडकरीण म्हणाली, या दोघींचा बांधकामाचा हिशेब कुणी ठेवला असेल? मी त्या प्रश्नाचा अजून विचार करते. आवाराच्या पूर्वेला मलप्रभा, इथं ती उत्तरेकडे वाहते. पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडावेत असं फार वाटलं, पण पायाला बारीक चीर होती म्हणून सोडले नाहीत. बाकीच्यांनी सोडले. मी त्यांचे फोटो काढले, ते छान आलेत.

उपचाराच्या प्रवासाचंही सांगते, कारण लोक विचारतात. सल्ल्यासाठी परळच्या टाटा हॉस्पिटलला आम्ही रेल्वेनं जातो. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ही सवलत फिरायला जाताना मिळत नाही. तरी आम्ही दोघं परतीच्या गाडीआधी हाताशी वेळ ठेवतो आणि दादरला जाऊन गरम बटाटेवडा खातो. हे एरवी घरात फारसं न बोलणारे, पण त्या गाडीत मिरजेपर्यंत गप्पा मारतात. फौंड्रीतल्या ओतकामाचं, पहिल्या पगाराचं, लग्नाआधी मला कडोलीच्या जत्रेत लांबून बघितल्याचं. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

आता कूडलसंगम राहिलंय. मलप्रभा कृष्णेला मिळते ती जागा, बसवण्णांचं ऐक्यस्थळ. ऐक्यमंडपात खाली उतरायला पायऱ्या आहेत, त्या मला जमतील की नाही ते तिथं गेल्यावर बघू. वरून दर्शन घेतलं तरी चालेल. स्कॅन दिवाळीनंतर आहे. ह्यांचं म्हणणं, रिपोर्ट येऊ दे, मग ठरव. मी म्हटलं, आधी जाऊन येते. रिपोर्ट काहीही आला तरी औषधाचं बोलणं डॉक्टर करतील, आणि गोळी बदलली तर रक्ताच्या तारखा नव्यानं शिकाव्या लागतील. आत्ताच्या तारखा मला पाठ आहेत.

सासूबाईंचं नाव लिहून घेतलंय, त्यांना पुढची सीट. जाऊबाईंनी यायचं म्हणून पाचशे आणून दिले. वाटेत अमीनगडला थांबून करदंट विकत घ्यायचं आणि गोकाकच्या करदंटाशेजारी ठेवून खायचं, हे अक्कानं मान्य केलंय. काल मुलाचा फोन आला, मी पण येतो, एक जागा ठेव. त्याला सांगितलं, गाडी भरली. यायचं असेल तर बाबांना घेऊन तुझ्या गाडीनं मागून ये, डिझेल तुझं तू घाल.